पिवळ्या फडक्यातला वस्तरा

माझे केस चांगले आहेत. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. परवा एका लग्नात शाळेतला जुना सोबती भेटला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर नाव घेण्यासारखं काही उरलेलं नाही. तो माझ्याकडं बघत म्हणाला, "सुध्या, लेका तुझं बरं आहे. पन्नाशी उलटली तरी कपाळ जागच्या जागी." मी हसलो. असं कुणी म्हणालं की मी हसतो आणि घरी आल्यावर दोन दिवस बायकोशी धड बोलत नाही. तिला वाटतं मला साखर झाली असावी, तपासून घ्या म्हणते. तिला काय सांगू? या केसांपायी एका सरळ माणसाची अब्रू गेली, हातचा धंदा गेला, आणि एक शब्द बोलून हे थांबवता येत असताना मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

तो माणूस म्हणजे आमच्या आखाडा बाळापूरचा लिंबाजी न्हावी. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं, मीही म्हणायचो.

एसटी थांब्याच्या समोर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. एकच खुर्ची, सागवानी, मान टेकवायला मागं फळी ठोकलेली. भिंतीवर मोठा आरसा होता, पण खुर्ची आरशाकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून मांडलेली. नवखा माणूस हटकून विचारायचा, "मामा, आरसा पाठीमागं काहून?" मामाचं उत्तर ठरलेलं होतं. "गिऱ्हाईक आरशात बघाया लागलं की मान आवळून धरतं. मला मान सैल पायजे. तुमी रस्त्यानं कोण चाललं ते बघा, डोक्याचं मी बघतो." काम संपलं की हातातला छोटा आरसा तोंडापुढं धरायचा आणि म्हणायचा, "बघा. पटलं न्हाई तर सांगा. केसं काही परत चिकटवता येत न्हाईत, पण पुढच्या बारीला ध्यानात ठेवतो." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की पुढं ते आपल्यालाच येऊन चावेल असं कधी वाटलं नाही.

उंच, काटक, कानांवर पांढऱ्या केसांची झुपकी. गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावण्याआधी चपला काढून बाजूला ठेवायचा. उन्हाळ्यात फरशी तापलेली असायची, पत्रा वरून आग ओकायचा, तरी पाय अनवाणी. कुणाचंही डोकं असो, जमादाराचं असो की मेंढक्याचं, चपला आधी निघायच्या. का म्हणून विचारलं तर चिडायचा. "दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायचा अन् पायात वहाण? आपल्याला न्हाई जमत."

आणि हात. त्याच्या हातावर सगळ्या गावाचा विश्वास होता. कॉलेजला जाण्याआधी माझी पहिली दाढी त्यानंच केली. वस्तरा गळ्यावर असताना समोर एसटीचं टायर फुटलं. मी खुर्चीत उडालो. पण मी उडायच्या आधीच वस्तरा गळ्यापासून वीतभर वर गेलेला होता. मामा शांतपणे म्हणाला, "बसा खाली. टायर फुटलंय, तुमी न्हाई." नंतर दाढी पुरी करून दिली. एक थेंब रक्त नाही.

या हातामागं एक जुनी जखम होती. त्याचा बाप दारूत गेला. त्याचा हात थरथरायला लागला आणि शेवटची दोन वर्षं गावानं त्याच्यापुढं मान धरली नाही. म्हातारा पेटी घेऊन पारावर बसून राहायचा, लोक त्याच्या समोरून दुसऱ्या गावच्या न्हाव्याकडं जायचे. लिंबाजी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. त्यानं दारूला कधी बोट लावलं नाही. लग्नाच्या वरातीत कुणी आग्रह केला की हात पुढं करून दाखवायचा. "ह्यो बिघडला की मी गेलो. न्हावी हातावर जगतो, बाबा." न्हावी थरथरला की त्याचं काय होतं, हे त्याच्याइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं. पुढं मी जे सांगणार आहे ते वाचताना एवढं लक्षात ठेवा.

त्याची आणखी एक गोष्ट न्हाव्यांच्या जातीला शोभणारी नव्हती. तो इकडची गोष्ट तिकडं करायचा नाही. आमचे नारायणकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ, भावकीतले कर्ते. साठीतही त्यांचे केस कोळशासारखे काळे. महिन्यातून एकदा मामा दुकानाच्या फळ्या लावून घ्यायचा आणि आत काकांचा कलप चालायचा. गावाला अंदाज होताच. कुणी खोदून विचारलं तर मामा म्हणायचा, "त्यांचं रगातच चांगलं हाय." चेहऱ्यावर रेघ हलायची नाही.

माझे वडील प्राथमिक शाळेत हेडमास्तर होते. गाव त्यांना गुर्जी म्हणायचं. लिंबाजीमामा त्यांना देवाच्या खालोखाल मानायचा आणि त्याला कारण होतं. आमचा जिल्हा अजून परभणीच होता, तेव्हाची गोष्ट. मामाच्या बापानं बौद्धवस्तीतल्या कुणाच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. तसा रिवाजच होता आणि रिवाजाचं कुणाला काही वाटत नव्हतं. मामानं थांब्यावर दुकान टाकलं आणि वस्तीतला प्रल्हाद नावाचा पोरगा, नुकताच तहसिलीत कारकून लागलेला, एके सकाळी येऊन खुर्चीपुढं उभा राहिला. "माझी दाढी करता का?" मामानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं, चपला काढल्या आणि म्हणाला, "बसा. मान सैल सोडा."

दुसऱ्या दिवसापासून दुकान ओस. खुर्ची रिकामी, मामा दारात बसून रस्ता बघतोय. नारायणकाका पारावर म्हणाले, माजलाय, उतरेल आपोआप. आठवडाभर एक माणूस फिरकला नाही. बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, प्रल्हाद दाढीला बसलेला असताना माझे वडील तिथं गेले. मी पिशवी घेऊन मागं होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कारण अर्धा बाजार थांबून बघत होता. वडील बाकावर नंबर लावून बसले. प्रल्हाद उठला. मामा नवं फडकं काढायला वळला तर वडील म्हणाले, "तेच राहू दे लिंबाजी. ब्रश पण तोच." रस्त्याकडं तोंड करून ते अर्धा तास त्या खुर्चीत बसले. दाढी नव्हती तरी दाढी केली, केस कापले, वर मालिश करून घेतली. पुढच्या आठवड्यात माणसं हळूहळू परत यायला लागली.

मामा हे कधी विसरला नाही. माझे केस कापताना टाळूवर बोट ठेवून म्हणायचा, "दोन भोवरे. गुर्जीलाबी दोनच हायेत. डोकं बराबर बापाचं घेतलंय." मला ते आवडायचं नाही. बापाचं डोकं म्हणजे बापाचं टक्कलही, हे मला तिसाव्या वर्षीच कळलं.

माझ्या टकलाचं काय सांगू. मी गावच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायचो. फळ्याकडं वळलो की मागून पोरं हसायची. मुली बघायला जायचो, चहा पोहे व्हायचे आणि निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. सेनगावला एका घरी मुलीच्या मावशीनं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, हे मुलाचे वडील का? वडील शेजारीच बसलेले. ते हसले. मला हसता आलं नाही. मामा म्हणायचा, "जाऊ द्या सर. डोकं गोल हाय तुमचं, टक्कल शोभंल. काही डोकी वाकडी असतेत, त्यांची तकलीफ." हे बोलणं मला औषधासारखं कडू लागायचं.

मग हैदराबादच्या एका दवाखान्याची जाहिरात पाहिली. डोक्याच्या मागचे केस काढून पुढं लावतात, जन्मभर टिकतात. हे दोन हजार पाच-सहाचं साल. आमच्याकडं ही गोष्ट कुणी ऐकलीही नव्हती. मी घरी ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं. निघताना वडील म्हणाले, "छातीत जरा भरून आल्यासारखं होतंय रे." मी म्हणालो गॅस असेल. गोळी दिली आणि नांदेडची गाडी धरली.

ऑपरेशन झालं. मागं कानापासून कानापर्यंत टाके, पुढं कपाळावर मोहरीसारख्या खपल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं: महिनाभर धक्का नाही, खाजवणं नाही, वस्तरा तर डोक्याच्या आसपास नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. मी पोचलो तेव्हा अंगणात बांबू बांधून झाले होते. डोक्याला रुमाल बांधून मी अग्नी दिला. नाक चोंदलंय, सर्दी आहे, असं सांगितलं. आई सारखं एकच सांगत होती, "रात्रभर तुझं नाव घेऊन राहिले होते. सुधा आला का, सुधा आला का."

आमच्याकडं बाप गेला की पोरानं दहाव्याला नदीवर डोकं करायचं. आणि ते मामाकडूनच व्हायचं. त्याच्याकडं यासाठी एक वेगळा वस्तरा होता. दुकानात तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरायचा, पण दहाव्याचा वस्तरा त्याच्या आज्याचा, निजामाच्या काळातला, पोलादी. हळदीनं पिवळ्या केलेल्या फडक्यात गुंडाळलेला, दुकानातल्या देवाच्या तसबिरीमागं ठेवलेला. गावात कुणी गेलं की तो काढायचा, रोज संध्याकाळी दगडावर घासायचा आणि दहाव्याच्या दिवशी विधी होईपर्यंत पाणीही प्यायचा नाही. "ह्यो डोक्यावरून फिरला की माणूस घर सोडतो. तवर घरातच घुटमळत ऱ्हातो." हे तो इतक्या साधेपणानं सांगायचा की खरं मानावंसं वाटायचं.

दहाव्याच्या दोन दिवस आधी, दुपारी सामसूम बघून मी त्याच्या दुकानात गेलो. तो वस्तराच घासत होता. मी म्हणालो, मामा, फळ्या लावून घ्या. त्यानं लावल्या. मी रुमाल सोडला.

"काय झालं डोक्याला? पडले काय?"

"नाही मामा. केस लावलेत. मागचे काढून पुढं."

त्यानं चष्मा चढवला आणि हात न लावता बराच वेळ बघत राहिला. कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम बघतो तसं. "मिरचीचं रोप लावतेत तसंच की. रांगा सरळ हायेत. हात चांगला हाय त्या डाक्टरचा." मग स्वतःशीच म्हणाला, "म्हंजे केसं परत चिकटवता येतेत तर." थोडं थांबून विचारलं, "गुर्जीला माहीत व्हतं?"

"नाही. कुणालाच नाही. ट्रेनिंग म्हणून सांगून गेलो."

 मी बोलत सुटलो. वस्तरा फिरला तर सगळी मुळं उपटून निघतील, टाके उसवतील, पुन्हा लावता येणार नाही. भावकीला खरं सांगता येत नाही, कारण बाप मरणाला टेकलेला असताना पोरगं केस लावायला गेलं होतं, असंच म्हणणार सगळे. आणि ते खरंच होतं. आई ऐकेल तर काय म्हणेल. हे सगळं बोलून मी त्याचे पाय धरायला वाकलो.

त्यानं मागं सरून पाय काढून घेतले. "सुतकात पाया पडू नये." मग खुर्चीचा हात पुसत म्हणाला, "सर, आठ दिस झाले मी ह्यो घासून राहिलो. दुसऱ्या कोणासाठी न्हाई, गुर्जीसाठी."   शेवटी त्यानं वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि म्हणाला, "जावा घरी. बघतो मी."

दहाव्याला नदीवर शंभरेक माणूस होतं. मला दक्षिणेकडं तोंड करून बसवलं. मामानं लांबवरच चपला काढल्या, माझ्यामागं आला, ओलं उपरणं डोक्यावर टाकलं आणि त्या आडोशानं कात्री चालवायला सुरुवात केली. कानाशी म्हणाला, "मान सैल सोडा." मी सोडली. मागच्या टाक्यांवर केसांचं पांघरूण ठेवून, पुढच्या खपल्यांना कात्रीचं टोकही लागू न देता, त्यानं मधले केस बोटभर उतरवले. पेटी माझ्या गुडघ्याजवळ उघडी होती आणि तिच्यात पिवळं फडकं मला दिसत होतं. मिशी तेवढी दुकानातल्या वस्तऱ्यानं काढली. उपरणं तसंच डोक्याला गुंडाळून दिलं.

पिंड ठेवला. कावळा येईना. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. समोरच्या बाभळीवर दोन बसले होते, पण खाली उतरेनात. लोक हात जोडून माझ्या वतीनं काय काय कबूल करायला लागले. आईला सांभाळीन, शेत विकणार नाही. नारायणकाकांची नजर माझ्या डोक्यावर गेली. उपरण्याखालून केस डोकावत असतील. ते उठले, "बघू बरं," म्हणाले आणि त्यांनी उपरणं हिसकलं.

दोन-तीन खपल्या उपरण्याबरोबर आल्या. कपाळावरून रक्ताचा ओघळ भुवईपर्यंत आला. केस तसेच, आणि वर रक्त. सगळ्यांनी बघितलं.

"ह्ये काय केलंस रे लिंबाज्या?" काका म्हणाले. "डोकं का न्हाई केलंस? अन् लेकराला टोचलंस काहून? कावळा कसा शिवंल मग?" मग जवळ जाऊन त्यांनी त्याच्या तोंडाशी तोंड नेलं. "प्यालास काय?"

 मामानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मला वाटतं तो वाट बघत होता. मी म्हणू शकलो असतो, काका, मामाची चूक नाही, हे असं असं आहे. चार शब्द. मी मान खाली घातली. त्यानं शिकवली होती तशी, सैल.

"व्हय," मामा म्हणाला. "घेतली सकाळी थोडी. हात थरथरून राहिला. म्हनून वस्तरा काढला न्हाई."

काकांनी त्याच्या थोबाडीत मारली. त्यांचे स्वतःचे केस सुतकात कलप न लागल्यामुळं मुळाशी पांढरे दिसत होते. मामानं ते बघितलंच असणार. एक वाक्य त्याच्याकडंही होतं, पण तो बोलला नाही. पेटी बंद केली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच काठानं निघून गेला. दुसरा न्हावी आणायचं कुणीतरी काढलं, पण विधी सांगणाऱ्या जोशीबुवांना दुपारी वारंग्याला आणखी एक दहावा होता. ते म्हणाले, केस उतरले ना, झालं तर मग, वेळ टळतेय. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि सगळे घरी आलो.

लावलेले केस महिनाभरात झडून गेले. मला वाटलं, बरं झालं, फिटलं. पण ते झडायचेच असतात म्हणे. चार महिन्यांनी कोंब फुटले आणि वर्षभरात डोकं भरलं. लग्न जमलं. लग्नात नवरदेवाची दाढी करायचा मान गावच्या न्हाव्याचा, पण काकांनी कळमनुरीहून दुसरा बोलावला आणि मी हो म्हणालो.

मामाचं काय झालं ते सगळ्या गावानं बघितलं. पहिल्यांदा आयांनी लेकरं आणणं बंद केलं. जावळ काढायला कोण थरथरत्या हाताला लेकरू देईल? मग म्हातारे गेले, मग जाणती माणसं. बापाच्या वळणावर गेला, असं लोक हळहळून म्हणायचे, आणि मला ती हळहळ शिवीहून जास्त लागायची. दहाव्याला बाहेरचा माणूस येऊ लागला. प्रल्हाद तेवढा शेवटपर्यंत त्याच्याकडं दाढी करत राहिला. एकदा तो मला थांब्यावर भेटला. म्हणाला, "सर, मी वीस वर्षं त्या खुर्चीत बसलोय. लिंबाजीमामा पिणार नाही. तिथं काहीतरी वेगळं झालंय." मी म्हणालो, माणसाचं काय सांगता येतं. असं मी म्हणालो, आणि त्या वेळी मला त्याचं काही वाटलंही नाही. दुकान थांब्यासमोर होतं. मी एसटी धरायला मागच्या गल्लीनं जायला लागलो. एके दिवशी तिथं मोबाइलचं दुकान दिसलं.

तीनेक वर्षांनी एका कामासाठी नांदेडला निघालो होतो. काम म्हणजे सत्कार. आदर्श शिक्षक म्हणून निवडलं होतं मला, हसू नका. वारंगा फाट्याला जीप चहासाठी थांबली. पंक्चरच्या दुकानाशेजारी चार बांबूंवर पत्रा टाकलेला आणि खाली तीच सागवानी खुर्ची, रस्त्याकडं तोंड करून. मी वळायच्या आत त्यानं बघितलं.

"या सर. बसा. बाजूचे केसं वाढलेत."

बसलो. त्यानं चपला काढल्या. ट्रकवाल्यांच्या दाढ्या करतो, म्हणाला. ती माणसं हात विचारत नाहीत, घाईत असतात. आई कशी आहे, विचारलं. कात्री कानाशी त्याच जुन्या लयीत चालत होती, एक केस इकडचा तिकडं नाही. मग त्याचं बोट माझ्या कपाळावरच्या रेषेवरून हळूच फिरलं. "धरली की वो मुळं. चांगली धरली." आवाजात कौतुक होतं, दुसरं काही नव्हतं. मी त्यात दुसरं काही शोधत होतो, ते सापडलं नाही.

"मामा, त्या दिवशी..." मी सुरू केलं.

"ऱ्हाऊ द्या ते. एक बोलू का?" त्यानं कात्री ठेवली आणि पेटीतून पिवळं फडकं काढलं. उकललं. वस्तरा चकाकत होता, म्हणजे अजून घासत होता. "नदीवरून आल्यावर ह्यो कोणालाच लावला न्हाई. माझ्या हातून एकच दहावं अर्धं राहिलं, तेबी गुर्जीचं. आता मुळं पक्की झाली. वस्तरा फिरवला तरी परत येतेत. मी इचारून घेतलंय, एक डाक्टर थांबला व्हता इथं च्याला. दोन महिन्यात व्हते तसे व्हतील. दहा मिंटं लागतेत सर. गुर्जी मोकळे व्हतील. अन् मीबी."

मी समोर रस्त्याकडं बघत होतो. मला सत्काराचं स्टेज दिसत होतं, हार दिसत होता. टक्कल केलेला मी फोटोत दिसत होतो आणि लोक विचारत होते, घरात कोण गेलं?

"पुढच्या वेळी करू, मामा. आज फोटो काढणार आहेत."

"व्हय व्हय," तो लगेच म्हणाला. "फोटोला केसं पायजेत." त्यात टोमणा असता तर मी आयुष्यभर त्याला धरून बसलो असतो. टोमणा नव्हता. त्यानं छोटा आरसा माझ्या तोंडापुढं धरला. "बघा." मी बघितलं. चांगले कापले होते.

पुढची वेळ आली नाही. त्याच हिवाळ्यात तो गेला आणि मला दहावा होऊन गेल्यावर कळलं. नांदेडला जाताना फाटा आला की मी अजून दुसऱ्या बाजूला बघतो.

त्या दिवशी मात्र जीप सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं होतं. तो खुर्चीमागं अनवाणी उभा होता, वस्तरा फडक्यात गुंडाळत. गाठ मारायचा प्रयत्न करत होता आणि ती बसत नव्हती. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. मग मला दिसलं, त्याचे हात थरथरत होते.